मातीतलं जुनं विष भाजीत किती चढतं?

प्रश्न थोडक्यात असा: एका जागेवर पूर्वी वर्षानुवर्षं कीटकनाशकं मारली जायची. फवारणी थांबून काही दशकं लोटली, पण माती तपासली तर डीडीटीचे अवशेष आणि डील्ड्रिन अजून निघतंय. आता तिथे भाजीपाला लावायचा आहे. झाड पाण्याबरोबर हे विषही ओढून घेतं का? कोणत्या भाजीत जास्त जातं? आणि धुऊन-शिजवून ते निघतं का?

अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. विचारणारा एकतर घाबरलेला असतो, नाहीतर ‘इतक्या वर्षांत सगळं वाहून गेलं असेल’ म्हणून निवांत असतो. दोघांचंही चुकतं. बहुतेक भाज्यांच्या आतल्या खाण्याच्या भागात ही द्रव्यं फार कमी पोहोचतात. जे सापडतं त्यातलं पुष्कळसं मुळाच्या सालीत किंवा पानांवर बाहेरून बसलेलं असतं. या नियमाला एक घराणं मात्र जुमानत नाही, ते भोपळ्याचं. त्याच्याकडे नंतर सावकाश येतो.

आधी ‘झाड पाण्याबरोबर सगळं ओढतं’ ही कल्पना डोक्यातून काढायला हवी. मूळ म्हणजे सरबताच्या पेल्यातली नळी नव्हे. शिवाय डीडीटीसारखं द्रव्य पाण्यात असतंच किती? एक लिटर पाण्यात जेमतेम 5-6 मायक्रोग्रॅम डीडीटी विरघळतं. डील्ड्रिन साधारण 200 मायक्रोग्रॅम, लिंडेन सुमारे 7 मिलिग्रॅम. तिन्ही कीटकनाशकं एकाच काळातली, तिन्ही चिवट, पण पाण्याशी त्यांचं नातं असं वेगवेगळं आहे आणि झाडातला त्यांचा प्रवास इथूनच वेगळा होतो.

हे नातं मोजायची एक जुनी, सोपी रीत आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यावर ऑक्टॅनॉल नावाचा तेलकट द्रव ओतायचा, द्रव्य टाकून हलवायचं आणि थर वेगळे झाले की कुठे किती गेलं ते मोजायचं. लिंडेनचा पाण्यात एक भाग राहिला, तर ऑक्टॅनॉलमध्ये पाचेक हजार भाग जातात. डील्ड्रिनचे दोन-अडीच लाख. आणि डीडीटी जुनं झाल्यावर त्याचं जे डीडीई होतं, त्याचे तीस लाखांच्या आसपास. जमिनीत तेलाची जागा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून आलेला कर्ब, घेतो. डीडीई त्याला असं घट्ट धरून बसतं की मुळाभोवतीच्या पाण्यात त्याचा अंशच सुटतो.

ढोबळ हिशेब करू. मातीत किलोला 1 मिलिग्रॅम डीडीई आहे आणि सेंद्रिय कर्ब 1 टक्का आहे, असं धरा. अशा मातीतल्या पाण्यात लिटरला साधारण 1 मायक्रोग्रॅम येईल. एक किलो सुका पाला-देठ तयार करायला झाड सुमारे 400 लिटर पाणी वर नेतं. त्या पाण्यातलं सगळंच्या सगळं डीडीई आत गेलं, तरी ते 400 मायक्रोग्रॅम झालं, म्हणजे मातीतल्या प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. ताज्या भाजीत नव्वद टक्के पाणी असतं, म्हणून ताज्या वजनावर तो आकडा आणखी दहापट खाली येतो. आणि प्रत्यक्षात सगळं आत जात नाहीच.

का जात नाही, ते मुळाच्या रचनेत आहे. मुळाच्या बाहेरच्या थरांतून पाणी पेशींच्या भिंतींमधल्या फटींतून आरामात झिरपत येतं. पण आतल्या जलवाहिन्यांपाशी पोहोचण्याआधी एक थर लागतो. त्यातल्या प्रत्येक पेशीभोवती मेणचट, लाकडासारख्या द्रव्यांची पट्टी असते, तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. ही पट्टी फटी बंद करते, त्यामुळे पुढे जायचं तर पेशीच्या पडद्यातून जावं लागतं. पडदा असतो स्निग्ध. तेलाची ओढ असलेलं द्रव्य त्यात शिरतं खरं, पण पलीकडे पुन्हा पाण्यात उतरायला तयार होत नाही. खरं तर इथपर्यंत येण्याआधीच त्यातलं बरंच सालीच्या पेशींत अडकलेलं असतं.

1982 साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या संशोधकांनी बार्लीची रोपं वेगवेगळ्या द्रव्यांच्या द्रावणात ठेवून हे मोजलं. द्रव्य जितकं तेलाकडे झुकणारं, तितकं मुळात जास्त साठत गेलं. शेंड्याकडे मात्र मधल्या स्वभावाची द्रव्यं, म्हणजे थोडी पाण्याची आणि थोडी तेलाची, सगळ्यात चांगली चढली. पाण्याकडे फार झुकणारी द्रव्यं वर जात नाहीत, हा त्यातला भाग पुढे 2009 च्या सुमारास दुसऱ्या संशोधकांनी दुरुस्त केला. तशी द्रव्यंही बिनदिक्कत चढतात. तेलकट बाजूचा निष्कर्ष मात्र तसाच टिकला: मुळात भरपूर, वर जवळजवळ काही नाही.

गाजर हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. गाजर म्हणजे मूळच, मातीला चारही बाजूंनी चिकटलेलं. वर त्याच्या सालीलगत सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या असतात. तेल शोधत आलेल्या द्रव्याला आयतं घर मिळालं! ऑल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही कीटकनाशकं वापरात होती तेव्हाच्या, म्हणजे 1960 च्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांतही भाज्यांमध्ये गाजर पुढे असायचं. पण हेच गाजर सोलून साल आणि गर वेगळे तपासले, तर बहुतांश अवशेष सालीत सापडतात. कागदासारखी पातळ साल, वजनाने गाजराच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकी, आणि अवशेष मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तिच्या आलेखाची शिखरं उंचच उंच (शिखर जितकं उंच, तितकं द्रव्य जास्त). गराचा आलेख त्याच प्रमाणावर काढला तर ती टेकाडं शोधावी लागतात. म्हणून गाजर, मुळा, बीट यांच्याबाबत माझा सल्ला खरवडण्याचा नाही, जाड सोलण्याचा आहे.

बटाट्याला लोक याच रांगेत बसवतात, ते बरोबर नाही. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड. त्याला अन्न वरून, पानांतून रसवाहिन्यांमार्फत येतं आणि तेलकट द्रव्यं रसवाहिन्यांत जवळजवळ शिरत नाहीत. मातीला टेकते ती त्याची बुचासारखी साल. सोललेला बटाटा गाजरापेक्षा बराच निर्धोक. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा, मका यांच्या फळांचं आणि दाण्यांचं गणितही असंच आहे: अन्न रसवाहिन्यांतून येतं, जमिनीपासून ती उंचावर असतात, आणि वाटेत मूळ-खोड-पान एवढ्या चाळण्या लागतात. डीडीटीच्या जमिनीत काय लावू असं कुणी विचारलं, तर मी आधी हीच नावं घेतो.

आता भोपळ्याचं घराणं.

1994 साली जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी डायॉक्सिनने, म्हणजे कचरा वगैरे जळताना तयार होणाऱ्या एका विषारी द्रव्याने, दूषित मातीत भाज्या लावल्या. डायॉक्सिन डीडीईपेक्षाही पाण्याला नाखूश, त्यामुळे मुळातून वर काही जाणार नाही अशीच सगळ्यांची समजूत होती. बाकीच्या भाज्यांनी ती खरी ठरवली. झुकिनी (काकडीसारखा दिसणारा कोवळा भोपळा) आणि भोपळ्याच्या फळांत मात्र इतर फळभाज्यांच्या जवळपास शंभरपट डायॉक्सिन निघालं. त्याच कुळातल्या काकडीत जे थोडं सापडलं ते हवेतून आलेलं होतं. पुढे अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात क्लोर्डेन हे जुनं कीटकनाशक आणि डीडीई घेऊन हेच तपासलं गेलं. तिथे आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. भोपळ्याच्या एकाच जातीत, कुकुर्बिटा पेपोमध्ये, दोन उपजाती आहेत. झुकिनी ज्या उपजातीत येते ती डीडीई सपाटून वर नेते. पिवळ्या वाकड्या मानेचे उन्हाळी भोपळे ज्या उपजातीत येतात ती त्या मानाने फारच कमी. पानं सारखी, फुलं सारखी, मुळांचा कारभार वेगळा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक साधा प्रयोग आहे, आम्ही शिकाऊ मुलांना तो नेहमी दाखवायचो. एकाच मातीच्या दोन कुंड्या, एकीत झुकिनी आणि दुसरीत टोमॅटो. रोपं चांगली वाढली की सकाळी भरपूर पाणी द्यायचं आणि मातीपासून चार बोटं वर धारदार पात्याने खोड छाटायचं. पहिले थेंब कापलेल्या पेशींचे असतात, ते टिपून फेकायचे. मग मुळांच्या दाबाने खुंटाच्या तोंडावर स्वच्छ रस येत राहतो. तो थेंब थेंब काचेच्या नळीने उचलायचा. हाच जलवाहिन्यांतला, वर निघालेला रस. दिसायला दोन्ही कुंड्यांचा रस सारखाच, पाण्यासारखा. यंत्रात घातला की टोमॅटोची रेघ सपाट जाते आणि झुकिनीच्या रसात डील्ड्रिनचं शिखर उभं राहतं. पाण्यात जे टिकायला नको ते पाण्यात तरंगत चाललेलं असतं.

कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या कामातून बरंचसं मिळालं. झुकिनीच्या मुळात लहान आकाराची काही प्रथिनं असतात. त्यांच्या पोटात पाण्याला नावडणारी पोकळी असते आणि बाहेरचा भाग पाण्यात सुखाने राहतो. डायॉक्सिनचा किंवा डील्ड्रिनचा रेणू त्या पोकळीत बसतो आणि प्रथिनाबरोबर जलवाहिनीतून वर जातो. वाहन मिळालं की कॅस्पेरियन पट्टीचा धाक उरत नाही. ही प्रथिनं झाडाने प्रदूषकांसाठी बनवलेली नाहीत हे उघड आहे. शिवाय झुकिनीची मुळं सिट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं मातीत सोडतात. त्यांनी मातीच्या कणांची घट्ट वीण उसवते आणि आत दडलेलं डीडीई मोकळं होतं, असंही दिसलं आहे.

जपानला याची किंमत मोजावी लागली होती. तिथे ऑल्ड्रिन, डील्ड्रिन, एन्ड्रिनचा वापर 1970 च्या दशकात संपला, तरी तीसेक वर्षांनी काकड्यांत मर्यादेबाहेर डील्ड्रिन निघू लागलं. काकडी स्वतः झुकिनीइतकी वाईट नाही, पण तिचं कलम बरेचदा भोपळ्याच्या खुंटावर करतात, आणि फळात किती डील्ड्रिन उतरणार हे खुंट ठरवतो असं निष्पन्न झालं. मग कमी शोषणारे खुंट निवडायला सुरुवात झाली. वरची काकडी तीच, खाली मुळं बदलली की अवशेष उतरतात. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेला उपाय हाच.

तेव्हा तुमच्या जमिनीत डील्ड्रिन आहे म्हटल्यावर झुकिनी लावू नका, ही माझी एकमेव ठाम मनाई. लाल भोपळा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या जातींचा असतो आणि झुकिनीइतकं ओढत नाही, पण तपासल्याशिवाय त्याच्यावर आणि काकडीवर विसंबू नका.

‘भोपळा लावून जमीनच साफ करून घेऊ’ ही कल्पना मग हमखास निघते. पुन्हा हिशेबच करू. एक हेक्टरचा वरचा वीतभर थर म्हणजे साधारण 20 लाख किलो माती. किलोला 1 मिलिग्रॅमने त्यात 2 किलो डीडीई झालं. पिकाचे 5 टन सुके वेल निघाले आणि त्यात अगदी किलोला 10 मिलिग्रॅम चढलं, तर हंगामाला 50 ग्रॅम बाहेर पडलं. चाळीस हंगाम लागतील, आणि ते वेल टाकायचे कुठे हा प्रश्न दर हंगामाला उभा. कॅनडात रॉयल मिलिटरी कॉलेजच्या संशोधकांनी पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांच्या तेलात वापरलं जाणारं, असंच चिवट द्रव्य) असलेल्या जमिनीत उलट मार्ग धरला. द्रव्य बाहेर काढण्याऐवजी मातीत जैविक कोळसा आणि सक्रिय कोळसा मिसळून ते जागीच जखडलं, तेव्हा भोपळ्यात जाणारं पीसीबीसुद्धा पुष्कळ घटलं. घरच्या वाफ्यासाठी हाच रस्ता व्यवहार्य आहे: चांगलं कुजलेलं खत, कोळशाची पूड, सेंद्रिय कर्ब वाढवणं. विष जात नाही, त्याचं फिरणं थांबतं.

पालेभाज्यांची गोष्ट वेगळीच आहे. तिथे मूळ दुय्यम. पानांवर मेणाचा थर असतो, आणि लिंडेन किंवा हेक्झाक्लोरोबेन्झीनसारखी थोडी उडणारी द्रव्यं तापलेल्या मातीतून वाफ होऊन त्या मेणात बसतात. पण त्याहून मोठा वाटा साध्या मातीचा. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की चिखलाचे बारीक शिंतोडे पानाच्या खालच्या बाजूला बसतात आणि केसाळ, सुरकुतलेल्या पानातून ते धुऊनही पूर्ण निघत नाहीत.

हे कळतं कसं? टायटॅनियम मोजून. मातीत ते किलोला काही हजार मिलिग्रॅम असतं आणि झाडं ते जवळपास घेतच नाहीत. सुक्या पानात किलोला 25 मिलिग्रॅम टायटॅनियम निघालं आणि मातीत 5000 असेल, तर त्या पानाच्या वजनात अर्धा टक्का निव्वळ माती आहे. मातीत किलोला 1 मिलिग्रॅम डीडीई असेल तर या चिकटलेल्या मातीतूनच 5 मायक्रोग्रॅम आले. अहवालात 6 लिहिले असतील, तर झाडाने स्वतः घेतलेलं राहिलं एक. ‘पालक विष शोषतो’ अशा कित्येक अहवालांमागे न निघालेला चिखल असतो, असं माझं मत आहे. म्हणून पालेभाजीच्या वाफ्यावर जाड आच्छादन घाला, पाणी वरून न मारता मुळाशी सोडा, जमिनीला टेकलेली खालची पानं टाकून द्या आणि भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा. धुण्याने बाहेरची माती जाते. मेणात किंवा सालीत शिरलेलं जात नाही. आणि शिजवण्यावर भरवसा ठेवू नका, उकळत्या पाण्याला ही द्रव्यं दाद देत नाहीत.

आतापर्यंत सांगितलेलं तेलाच्या ओढीच्या प्रदूषकांना लागू आहे. चिवट प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात 2001 साली ज्या बारा द्रव्यांची पहिली यादी झाली ती सगळी याच स्वभावाची. पुढे त्या यादीत पीएफओएस, पीएफओए अशी फ्लोरीनची द्रव्यं आली आणि हिशेब उलटा झाला. ही तेलापेक्षा प्रथिनांना चिकटतात. त्यांच्यातल्या लांब साखळीची बरीचशी मुळात थांबतात, पण आखूड साखळीची पाण्याबरोबर सरळ पानांत आणि फळांतही जातात. तुमच्या जमिनीवर कधी सांडपाण्याचा गाळ किंवा कागद कारखान्याचा गाळ खत म्हणून पडला असेल, तर ही तपासणी वेगळी सांगून करून घ्या, कीटकनाशकांच्या तपासणीत ती दिसत नाहीत. अशा जमिनीत पालेभाजी मी शेवटच्या क्रमांकावर ठेवेन.

धातूंचं एका वाक्यात: कॅडमियम झाडाला जस्त-लोहासारखं वाटतं म्हणून ते आंबट जमिनीतून पानांत सहज चढतं आणि चुना घालून सामू वाढवला की कमी होतं, शिसं मात्र मातीतच अडून बसतं आणि भाजीला चिकटलेल्या धुळीतून येतं.

राहिला तुमच्या हातातला मातीचा अहवाल. प्रयोगशाळा माती जोरकस द्रावकाने उकळून त्यातलं शक्य ते सगळं काढते. मुळांकडे तसा द्रावक नसतो. दशकानुदशकं पडून राहिलेलं डीडीई मातीच्या सूक्ष्म छिद्रांत आणि सेंद्रिय कर्बाच्या गाभ्यात मुरतं, अहवालात दिसत राहतं, पण झाडाला आणि गांडुळालाही पूर्वीसारखं मिळत नाही. त्यामुळे आज डीडीटी मिसळून केलेल्या कुंडीतल्या प्रयोगांचे आकडे तुमच्या जुन्या जमिनीला लावू नका, ते जास्तच येतात. तुमच्या जमिनीचं खरं उत्तर तुमची भाजीच देईल.

म्हणून पहिल्या हंगामात दोन-तीन भाज्या थोड्याच लावा आणि तोडणीनंतर भाजी तपासायला द्या. देताना तीन गोष्टी बोलून घ्या. निकाल ताज्या वजनावर हवा की सुक्या, ते लेखी ठरवा. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा ताज्याच्या बारापट दिसतो, आणि अन्नाच्या मर्यादा ताज्या वजनावर असतात. यावरून घाबरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं, भाजी घरी धुता तशी धुऊनच तपासायला सांगा. तिसरं, कंदमुळांची साल आणि गर वेगळे तपासायला सांगा, आणि सोलल्यावर गर कापायला सुरी बदलायला सांगा. हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्याकडे एकदा सोललेल्या गाजरात न सोललेल्यापेक्षा जास्त डीडीई निघालं होतं. दोन दिवस सगळे यंत्राला दोष देत होते. नमुना तयार करणाऱ्या मुलाने शेवटी सांगितलं की सगळी गाजरं एकाच सुरीने आणि एकाच पाटावर, आधी साल काढून मग गर, अशी कापली होती.